माझुंगू नदी ओलांडताना झोपली

नोमाझ्वी झुंगूच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या एम्बिलेनीच्या टेकडीवर शेळीच्या करडालासुद्धा ठाऊक होतं. लग्न होऊन ती बिएलांकडे गेली, पण आमच्याकडे बाई कुठंही गेली तरी माहेरचं नाव सोडत नाही, म्हणून सगळे तिला माझुंगूच म्हणायचे. आणि हाक मारण्याआधी जरा विचार करायचे. झऱ्यावर तिला नुसतं "कशी आहेस?" म्हटलं, तरी बादली भरून, सांडून, पुन्हा भरेपर्यंत सुटका नसे.

म्हणून तिच्या वारलेल्या दादाला परदेशातल्या लुसाकाहून घरी आणायला माझुंगूच जाणार असं ठरलं, तेव्हा भाऊबंदांच्या बैठकीत हसू फुटलं.

"चार दिवस तोंड बंद? आणि ही?" थोरले काका डोळे पुसत म्हणाले. "अगं, तू झोपेतसुद्धा बोलतेस. तुझ्या नवऱ्यानंच सांगितलं होतं मला."

"म्हणूनच बिचारा लवकर गेला," कुणीतरी मागून पुडी सोडली.

"तो खाणीतल्या धुळीनं गेला," माझुंगू ताडकन म्हणाली. "माझ्या बोलण्यानं जायचा असता तर लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच गेला असता. बारा वर्षं टिकला ना?"

तिनं गप्प बसायचं, हे हसण्यासारखं होतंच. आमच्यात माणूस परमुलखात मेला, तर हाडं तिथं राहिली तरी एकवेळ चालतं, पण त्याला स्वतःला घरी आणावं लागतं. घरचं कुणीतरी रानबोरीची फांदी घेऊन जातं, तो जिथं पुरलाय तिथं ती टेकवतं आणि सांगतं, "चल, घरी जायचंय." मग तो फांदीसोबत येतो. गाडीत त्याचं वेगळं तिकीट काढायचं, त्याची जागा मोकळी ठेवायची. नदी आली की सांगायचं, गाडी बदलली की सांगायचं. नाही सांगितलं तर तो तिथंच उभा राहतो, काठावर, वाट बघत. आणि ज्याच्या हातात फांदी, त्यानं घरी पोचेपर्यंत जिवंत माणसाशी चकार शब्द बोलायचा नाही. बोलायचं ते फक्त त्याच्याशी.

रानबोरीला काटे दोन तऱ्हेचे असतात, एक सरळ आणि एक मागं वळलेला. म्हातारे म्हणतात, एक कुठं जायचंय ते दाखवतो आणि दुसरा कुठून आलो ते.

माझुंगूचं नाव सुचवलं होतं पूर्वजांशी बोलणाऱ्या जाणत्या बाईनं. वर्षभर माझुंगूच्या स्वप्नात दादा येत होता, दारात उभा, बूट हातात घेऊन. जाणती म्हणाली, त्याला आत यायचंय, पण ज्याची हाक तो ऐकायचा त्यानंच बोलवायला हवं. आणि दादा, म्हणजे वेलाफी झुंगू, लहानपणी रुसून रानात बसला की आईच्या हाकेला येत नसे, बापाच्या काठीला येत नसे, धाकट्या बहिणीनं हाक मारली की येई. हे सगळ्यांना आठवत होतं. मग काय, हसून झाल्यावर सगळ्यांनी मान डोलावली.

सोबतीला चुलतभाऊ झिबुसे. हा आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस, आणि बोलायला इतका कंजूष की त्यानं लग्नाची मागणी घातली तेव्हासुद्धा म्हणे नुसतं बोट दाखवलं होतं.

"मग वाटेत बोलणार कोण?" काकांनी विचारलं.

झिबुसेनं खाकरून घसा साफ केला. बैठक पुन्हा हसली.

माझुंगू हसली नाही. गप्प बसायचं भय नव्हतं तिला. दादा तिच्याबरोबर येईल का, याचं भय होतं. कारण तेहतीस वर्षांपूर्वी तिच्या जिभेनं त्याचं काय केलं होतं, ते या जगात तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

वेलाफी झुंगू मोठा माणूस होता. आता त्याच्या नावानं शाळा आहे, पण तो मोठा झाला तो डर्बनच्या गोदीत पोती वाहता वाहता. हमालांना एकत्र केलं, संप केला, डोकं फोडून घेतलं. मग पासांच्या विरुद्ध उठला. काळ्या माणसानं आपल्याच मुलखात चालताना खिशात पास ठेवायचा, आणि कुठल्याही मिसरूड फुटलेल्या गोऱ्या शिपायानं बोट वाकडं केलं की तो दाखवायचा, असा कायदा होता. वेलाफीनं भर चौकात आपला पास जाळला आणि म्हणाला, "मला कुणाचा साहेब व्हायचं नाही. मला फक्त माझ्या गावच्या रस्त्यानं कागदाशिवाय चालायचंय." त्या दिवशी तीनशे माणसांनी त्याच शेकोटीत पास टाकले. त्याला दोन वर्षांचा तुरुंग झाला.

सुटला तो बंदीहुकूम घेऊनच. जिल्हा सोडायचा नाही, सभेत जायचं नाही, एका वेळी एकाहून जास्त माणसांत बसायचं नाही. चारचौघांत जन्म गेलेला माणूस, घरात कोंडला गेला. आई आणि बहीण दोघी समोर बसल्या तर गुन्हा! मग आळीपाळीनं. आईची पाळी लवकर संपायची, कारण आई नुसती बघत बसायची. बहिणीची संपतच नसे.

"सरकारनं मला शिक्षा नीट विचार करून दिलीय," दादा म्हणायचा. "एका वेळी एकच माणूस, आणि तो एक म्हणजे तू!"

तर त्या त्रेसष्ट सालच्या हिवाळ्यात, एका मंगळवारी दुपारी, मक्याच्या भुग्यावर आंबट दही ओतून घेता घेता दादा तिला म्हणाला, "नोमाझ्वी, मी जातोय. शनिवारी. गोलेलाच्या बाजूनं सरहद्द ओलांडून स्वाझींच्या मुलखात उतरणार. कुणाला बोलायचं नाही हं."

"मी? मी कुणाला बोलते कधी!"

नाहीच बोलली ती. फक्त झऱ्यावर मान्ड्लोवूला बोलली, तेही शपथ घालून, कारण छाती फुटायची वेळ आली होती. मान्ड्लोवू नवऱ्याला बोलली. नवरा मुखियाकडे चाकरीला होता, आणि मुखिया सरकारच्या पगारावर. शनिवारी गोलेलाच्या वाटेवर तीन गाड्या भरून पोलीस बसलेले होते, आणि चौथी गाडी दारात उभी होती.

पण वेलाफी नव्हता. गुरुवारी पहाटेच गेला होता, कुणाचा निरोप न घेता. आईनं अंगणात बसून असा हंबरडा फोडला की पोलिसांची कुत्री गप्प झाली. आणि माझुंगूनं मनाशी हिशेब मांडला, जो पुढं तेहतीस वर्षं पुसला गेला नाही: माझी जीभ सुटली, दादाच्या कानावर आलं, आणि त्याला नेसत्या वस्त्रानिशी पळावं लागलं. आईला भेटला नाही. पूर्वजांना सांगितलं नाही, बिअर ओतली नाही. ज्याच्या प्रवासाची खबर पूर्वजांना नाही, तो वाटेत कुणाचा? म्हणूनच तो तिकडं मेला. चौऱ्याऐंशी साली, लुसाकाच्या इस्पितळात, ताप येऊन.

हे तिनं आईला सांगितलं नाही. आई गेली तरी नाही. बघा, सगळ्या टेकडीचं गुपित जिच्या तोंडात टिकत नाही, तिनं स्वतःचं एक मात्र घट्ट धरून ठेवलं.

बाहेर तोंडाचा पट्टा तसाच चालू. फ्राय्हेडला शहरात गोऱ्या बाईचे कपडे धुवायची, सुटीला घरी आली की पोलिसांचा सार्जंट फेंटर चौकशीला हजर. "भावाचं पत्र आलं का?" त्यानं विचारायचं आणि माझुंगूनं सुरुवात करायची, शेळीच्या खुरापासून ते जावेच्या गुडघ्यापर्यंत. एकदा तिनं त्याला आपल्या दाढदुखीची गोष्ट सांगितली, चार दाढांची, एकेक करून. सार्जंट वही मिटून गेला. दर महिन्याला यायचा, तो पुढं सहा महिन्यांनी यायला लागला. लोक पोट धरून हसायचे. दादाचं भाषण लुसाकाच्या रेडिओवर लागलं की ती घोंगडीत डोकं घालून ऐकायची, आणि त्याचा आवाज बंद झाला की तोंडात शालीचं टोक कोंबून रडायची. का रडते, ते कुणी विचारलं नाही. भाऊ दूर आहे, रडणारच.

चौऱ्याण्णव साली आम्ही सगळ्यांनी रांगेत उभं राहून पहिल्यांदा मत दिलं. माझुंगू रांगेत पुढच्या-मागच्या दोघांना आपल्या भावाची सगळी हकीकत ऐकवत होती. फुली मारून बाहेर आली आणि एकदम म्हणाली, "रस्ता मोकळा झाला. आता त्याला आणायला हवं." तरी दोन वर्षं गेलीच.

लुसाकाला कबरीवर गवत वाढलं होतं. झिबुसेनं ते हातानं उपटलं. माझुंगूनं फांदी टेकवली आणि हाक मारली, लहानपणी रानाच्या कडेला उभी राहून मारायची तशीच: "दादाऽ! वेलाफीऽ! मान्झिनी! चल, घरी. आईकडं जायचंय." नाव, कुळाचं नाव आणि हाक, एवढंच बोलली. जे बोलायचं होतं ते बोललीच नाही.

आणि तिथून गप्प! झिबुसेसुद्धा तिच्याकडं चोरून बघायचा. पण दुसऱ्याच दिवशी तिला एक पळवाट सापडली. जिवंतांशी बोलायचं नाही, पण दादाशी तर बोलायचंय ना?

"दादा," ती शेजारच्या रिकाम्या जागेकडं वळून खणखणीत आवाजात म्हणाली, "तुझ्या त्या चुलतभावाला म्हणावं, तुझी बहीण उपाशी आहे. ट्रक चालवून चालवून त्याचं पोट दगडाचं झालंय, आमचं नाही झालं."

झिबुसेनं मुकाट्यानं उकडलेली अंडी काढून दिली.

"दादा, त्याला म्हणावं, मीठ?"

अशी गाडी चालली. काफुए नदी आली, सांगितलं. झांबेझी आली, सांगितलं, "रुंद आहे रे, घाबरू नकोस, मी आहे." लिंपोपोच्या नाक्यावर अधिकाऱ्यानं कागद चाळले आणि मान वर केली.

"तीन तिकिटं आणि माणसं दोन?"

"हो," झिबुसे म्हणाला.

"तिसरा कुठाय?"

झिबुसेनं फांदीकडं बोट दाखवलं. अधिकारी व्हेंडा जमातीचा होता, पण आपल्यातलाच. त्यानं टोपी काढली. मग जरा गमतीनं विचारलं, "आणि ह्याचा पास?"

"त्याला आता पास लागत नाही," झिबुसे म्हणाला.

माझुंगूच्या डोळ्यांना धारा लागल्या. "ऐकलंस का दादा?" तिनं फांदी छातीशी धरली. "पास लागत नाही म्हणे! चल, पाय उचल, पूल आहे."

जोहान्सबर्गला सोळा जणांच्या टॅक्सीत बसले. फ्राय्हेडपर्यंत ती, पुढं दुसरी. ड्रायव्हर स्कुम्बुझो, तिशीचा, गळ्यात साखळी, तोंडात शिव्या. पण फांदी बघितल्याबरोबर त्यानं गाणी बंद केली. दोन कोंबड्या घेऊन आलेली एक धिप्पाड बाई रिकाम्या जागेवर टेकणार, तोच तो आरशातून ओरडला, "अगं मावशे, तिथं नको! तिथं माणूस बसलाय!" बाईनं फांदी पाहिली, "माफ करा हं, बाबा," म्हणाली आणि कोंबड्या मांडीवर घेऊन मागं जाऊन बसली.

तीन दिवस माझुंगूचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. सकाळचं ऊन काचेतून येत होतं, टॅक्सी एका सुरात घुमत होती. तिनं मान टेकवली, जरा, एकच मिनिट.

जाग आली ती पेट्रोलपंपावर. बाहेर पाटी होती: फोल्क्सरस्ट.

फोल्क्सरस्ट! म्हणजे स्टँडरटन मागं गेलं. म्हणजे वाल नदी मागं गेली! पूल कधी आला, कधी गेला, पत्ता नाही. तिच्या काळजाचं पाणी पाणी झालं. झांबेझी ओलांडली, लिंपोपो ओलांडली, हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. दादा वालच्या काठावर उभा असेल, बूट हातात घेऊन, आणि बहीण घोरत निघून गेली. दुसऱ्यांदा! दुसऱ्यांदा तिनं त्याला वाटेत सोडलं!

तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. सांगणार कुणाला? पळवाट होती ती दादाशी बोलायची, आणि दादाच इथं नाही. आता बोललं तर ते जिवंतांशीच बोलणं होणार.

तिनं झिबुसेचं कोपर धरून गदागदा हलवलं.

"काय? भूक?"

मान हलवली, नाही.

"शौचाला?"

तिनं त्याच्या डोक्यात टपली मारली. मग हात जोडून गालाखाली धरले, डोळे मिटले, घोरून दाखवलं. हातानं लाटा केल्या. रिकाम्या जागेकडं बोट दाखवलं आणि मग मागं, रस्त्याकडं, आणि तिथंच तिचा बांध फुटला. आवाज न करता रडायला लागली. असं रडणं फार वाईट दिसतं हो, म्हाताऱ्या माणसाचं.

झिबुसे उठून उभा राहिला. टॅक्सीत उभं राहता येत नाही, म्हणून वाकून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा पंधरा माणसांसमोर बोलायची पाळी आली होती त्याच्यावर.

"लोकहो," तो म्हणाला. "आमचा भाऊ राहिला. वालवर."

सगळे एकदम बोलायला लागले.

"म्हणजे, ह्या गोगोनं, आजीबाईनं, सांगितलंच नाही नदीचं?"

"झोप लागली असेल. म्हातारं माणूस."

"अरे पण मला चारला अंत्यविधीला पोचायचंय!" मागचा एक गृहस्थ म्हणाला.

"मग तुला तर कळायला हवं!" कोंबडीवाली मावशी त्याच्यावर घसरली. "तुझा माणूस निदान पेटीत तरी आहे. ह्यांचा रस्त्यावर उभाय."

स्कुम्बुझोनं स्टिअरिंगवर डोकं आपटलं. "ऐंशी किलोमीटर! जायचे ऐंशी, यायचे ऐंशी! मालक माझी कातडी सोलेल!" मग आरशात बघून, जरा खालच्या आवाजात विचारलं, "भाऊ कोण होते?"

"वेलाफी झुंगू," झिबुसे म्हणाला.

"गोदीवाले? पास जाळला ते?" त्यानं मागं वळून माझुंगूकडं नीट पाहिलं. "माझा आजा होता त्या शेकोटीपाशी. अहो मग आधी सांगायचं की!" आणि चावी फिरवली. "धरून बसा. आणि माझ्या गाडीतून मेलेला माणूस वाटेत राहिला हे कुणी टॅक्सी रँकवर बोललं ना, तर बघा. एक गिऱ्हाईक बसायचं नाही परत."

अंत्यविधीवाल्या गृहस्थानं घड्याळाकडं पाहिलं आणि टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. टॅक्सी उलटी वळली.

वालच्या पुलाअलीकडं... नाही, आता पलीकडंच म्हणायचं, जोहान्सबर्गच्या बाजूला, स्कुम्बुझोनं गाडी कडेला घेतली. सगळे आतच बसून राहिले. माझुंगू फांदी घेऊन उतरली, झिबुसे चार पावलं मागं. दुपार होती. नदीला गढूळ, संथ पाणी. मालाचे ट्रक पूल हादरवत जात होते.

"दादा," ती म्हणाली. मग तिचा आवाज फुटला आणि तेहतीस वर्षांचं सगळंच बाहेर आलं. "दादा, मी झोपले रे. माफ कर. आणि हे पहिल्यांदा नाही. गोलेलाचं मीच बोलले. मान्ड्लोवूला, झऱ्यावर. तू सांगू नको म्हणालास आणि मी दोन दिवस नाही धरू शकले. माझ्यामुळं तू आईला न भेटता गेलास. पूर्वजांना न सांगता गेलास. माझ्या ह्या मेल्या जिभेनं तुला बेघर केलं. आईलासुद्धा सांगितलं नाही मी. तुला माझ्याबरोबर यायचं नसेल तर नको येऊस, मी समजेन. पण ये ना रे. ये. घरी शेळी बांधून ठेवलीय. सगळे वाट बघतायत. ही वाल नदी आहे दादा, हा पूल आहे. आपण ओलांडतोय."

ती चालत निघाली पुलावरून. स्कुम्बुझो टॅक्सी मागून हळूहळू आणत होता, मागच्या ट्रकांचे भोंगे कोकलत होते आणि तो खिडकीतून हात काढून त्यांच्या आयाबहिणींचा उद्धार करत होता. अर्ध्या पुलावर फांदी जड झाली. हसायचं तर हसा. ती म्हणते झाली, आणि पुढं तिला ती दोन्ही हातांनी धरावी लागली, हे कोंबडीवाल्या मावशीनं डोळ्यांनी बघितलंय.

झिबुसेनं सगळं ऐकलं होतं. त्यानं तोंड उघडलं, माझुंगूच्या पाठीकडं पाहिलं आणि मिटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पांढऱ्या म्फोलोझी नदीचा पूल ओलांडून ते एम्बिलेनीला पोचले. बायकांनी फाटकापासून किलकाऱ्या केल्या. काकांनी दारात "मान्झिनी! ग्वाबिनी!" म्हणून कुळाची नावं घेतली. माझुंगूनं फांदी आईच्या झोपडीत नेली, मागच्या भिंतीजवळ, पूर्वजांच्या जागेवर ठेवली. "पोचलास दादा. हे घर. बस." शेळी ओरडली. शेळी ओरडली म्हणजे पूर्वजांनी ऐकलं. बिअर ओतली, आणि काका म्हणाले, "माझुंगू, सुटलीस. बोल आता."

सगळे सरसावून बसले. आता धबधबा कोसळणार.

पण त्याआधी झिबुसे बोलला.

"थांबा. मला बोलायचंय."

काकांच्या हातातलं बिअरचं भांडं तिथंच राहिलं.

"दादाला मी नेलं," झिबुसे म्हणाला. "त्रेसष्टला. माझ्या ट्रकमधून. खाणीत लावायचे लाकडी खांब भरले होते, त्यांच्यामध्ये फट ठेवली होती. गुरुवारीच जायचं ठरलं होतं. महिनाभर आधीपासून. जोहान्सबर्गपर्यंत मी, पुढं सरहद्दीपलीकडं बेचुआनालँडला दुसरे. गोलेलाला जायचं कधीच नव्हतं."

"मग मला शनिवार..." माझुंगू म्हणाली.

"तुला मुद्दाम सांगितलं. तो म्हणाला, पोलिसांना गोलेलाला बसवायचंय. पत्र टाकलं तर त्यांना संशय येईल. पण नोमाझ्वीच्या कानात घातलं, की दोन दिवसांत मुखियाच्या घरी पोचतं, आणि कुणाला वाटतही नाही की ते खोटं आहे. कारण नोमाझ्वी खोटं बोलत नाही." झिबुसेनं घोट घेतला. एवढं सलग बोलायची सवय नव्हती त्याला. "गुरुवारपासूनच सगळे पोलीस गोलेलाकडं डोळे लावून होते, ताई. आमच्या वाटेवर एक नव्हता. वालच्या पुलावर तो म्हणाला, माझी जीभ तुरुंगात गेली होती, मला बाहेर काढलं ते बहिणीच्या जिभेनं. तोच पूल तो, कालचा. त्याला माहीत होता."

"आणि आई?"

"बुधवारी संध्याकाळी इथंच बिअर ओतली काकूनं. ह्याच जागेवर. तो होता, मी होतो. पूर्वजांना सगळं सांगून गेला तो. शनिवारचा हंबरडा पोलिसांसाठी होता. चांगला फोडला होता काकूनं."

माझुंगूच्या छातीवरचा तेहतीस वर्षांचा धोंडा गडगडत खाली आला. तिला इतकं हलकं वाटलं की तिनं हातानं जमीन धरली. आणि मग, माझुंगूच ती, तिचा पारा चढला.

"मेल्या झिबुसे! मुडद्या! तेहतीस वर्षं गुळणी धरून बसलास?"

"त्यानं शब्द घेतला होता. तो घरी परत येईपर्यंत कुणाला सांगायचं नाही म्हणून. आज आला."

"आणि काल? पुलावर मी ऊर फोडून रडत होते, ते ऐकलंस ना तू? तेव्हा सांगायला काय धाड भरली होती?"

झिबुसेनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"काल सांगितलं असतं," तो म्हणाला, "तर तू गप्प बसली असतीस?"

पहिले काका हसले. मग सगळी झोपडी. बाहेर शेळी धरून उभे असलेलेही हसायला लागले, कशाला ते माहीत नसताना. माझुंगू हसली नाही. ती उठली, मागच्या भिंतीपाशी फांदीसमोर जाऊन मांडी घालून बसली, सगळ्यांकडं पाठ करून, लहानपणी दादाशी भांडायला बसायची तशी.

"लबाडा," ती म्हणाली. "सरळ सांगायचं होतंस की रे. मी अजून लांबवर पसरवलं असतं."

मग तिनं शालीच्या टोकानं नाक पुसलं आणि त्याला मान्ड्लोवूपासून सगळं सांगायला सुरुवात केली. शेळी शिजून वाढेपर्यंत ती सार्जंट फेंटरला ऐकवलेल्या दाढांपर्यंतच पोचली होती.